वायफायचा डबा बदलला, हे फोनला कळता कामा नये

‘ऐकायला वेळ नाही, वाचायला द्या’ म्हणणाऱ्यांसाठी हे या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘काय’ बरेचसे काढलेत, थोडे राहू दिलेत.

विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून निघाला. चाटी गल्लीत त्यांचं कापडाचं दुकान. खाली काउंटर, वर गोदाम, मागं हिशेबाची खोली, आणि तिन्ही ठिकाणी एकेक अ‍ॅक्सेस पॉइंट. त्यांनी विचारलं, ‘सेटिंगमध्ये बॅकअपचं बटण आहे. दाबलं, फाईल आली, पेन ड्राइव्हवर टाकली. आता मी निर्धास्त ना?’

मी म्हटलं, अर्धे. उरलेल्या अर्ध्याचा हा भाग.

आधी एक गोष्ट. हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा आपल्या सोलापुरात जास्त लागू पडतो. घरात-दुकानात लावायच्या बहुतेक वायफाय डब्यांच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ला सहज जातो, आणि तो आकडा सावलीतला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत पत्र्याच्या शेडखाली, छताला टांगलेल्या डब्याचं काय होत असेल ते बघा. त्यात मागाच्या शेडमध्ये सुताचा बारीक कापूस उडत असतो, तो डब्याच्या हवेच्या फटीत जाऊन बसतो. मग वळवाचा पाऊस येतो. वीज जवळपास पडली की लांब ओढलेल्या तारेतून झटका येतो आणि तारेच्या टोकाला असलेला डबा जातो. पण खरं सांगू? डबे जळतात त्यापेक्षा जास्त वेळा ते पुसले जातात. नेट हळू झालं की कुणीतरी टाचणी घेतं, मागच्या बारीक भोकात घालतं आणि दहा सेकंद दाबून धरतं. बंद करून चालू करणं वेगळं आणि हे रिसेट वेगळं. रिसेटमध्ये डबा कारखान्यातून निघाला तसा कोरा होतो. मग ओरडा सुरू होतो, ‘काय बे, नेट गेलं का?’ नेट जागेवरच असतं. गेलेल्या असतात त्या सेटिंग.

आता सेटिंग म्हणजे नक्की काय जातं? लोकांना वाटतं, वायफायचं नाव आणि पासवर्ड. त्या तर जातातच. पण डब्याचा स्वतःचा पत्ता जातो, तो राउटर म्हणून चालायचा की नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, हे जातं. कुठल्या यंत्राला कायम कुठला पत्ता द्यायचा ती यादी जाते. बिलाचा प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, बोट लावून हजेरी घेणारं मशीन, ही सगळी मंडळी त्या यादीवर जगतात. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय केलं असेल तर त्याची भिंत जाते. मुख्य राउटर असेल तर फायबरवाल्यानं दिलेला लॉगिन आयडी आणि पासवर्ड जातो, आणि तो देणारा मुलगा नेमका रविवारी फोन उचलत नाही.

फाईल आणि नक्षीचा कागद

ती बॅकअपची फाईल म्हणजे काय, हे सोलापूरकराला समजावणं सोपं आहे. तुम्ही जॅकार्डचा माग पाहिलाय. नसेल तर कुणाच्या तरी ओळखीनं एकदा पूर्व भागात जाऊन बघाच. मागाच्या वर पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या कार्डांची माळ फिरते. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक फेर. ज्या ठिकाणी भोक, त्या ठिकाणचा उभा धागा वर उचलला जातो. अशी शेकडो कार्डं ओळीनं गेली की चादरीवर मोर उतरतो. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४च्या सुमाराला हे यंत्र उभं केलं. आज भौगोलिक मानांकन मिरवणारी आपली सोलापुरी चादर त्याच वंशातली.

आता समजा माग मोडला. कार्डांची माळ जपून ठेवली असेल तर ती दुसऱ्या मागावर चढवता येते आणि मोर परत उतरतो. पण अट आहे. दुसरा जॅकार्डही तितक्याच हुकांचा हवा. हुकांची संख्या वेगळी असली तर ती माळ तिथं निरुपयोगी. मग कारागीर काय करतो? तो मूळ नक्षीचा चौकटीचा कागद काढतो आणि त्यावरून नव्या जॅकार्डसाठी नवी कार्डं पाडून घेतो. कागद कुठल्याही मागाला चालतो. मेहनत जास्त, पण मोर वाचतो.

बॅकअपची फाईल ही ती माळ आहे. आणि बहुतेकांकडं नक्षीचा कागदच नसतो.

फाईल त्याच मॉडेलवर चालते, आणि ‘तेच मॉडेल’ हा शब्द फसवा आहे. टीपी-लिंकचा आर्चर सी ६ घ्या. डब्यावर नाव एकच, पण खालच्या स्टिकरवर बारीक अक्षरात आवृत्ती असते. दुसऱ्या आवृत्तीत क्वालकॉमची चिप आहे, तिसऱ्यात मीडियाटेकची. बाहेरून सख्खे भाऊ, आतून दोन वेगळी यंत्रं. एकाची फाईल दुसऱ्याला दिली तर साधारणपणे डबा ‘फाईल चुकीची आहे’ म्हणतो आणि नाकारतो. नाकारतो ते बरं. अर्धवट गिळून वेड्यासारखा वागणारा डबा जास्त ताप देतो. म्हणून फाईलच्या नावातच सगळं लिहा: जागा, मॉडेल, आवृत्ती, आतल्या फर्मवेअरचा क्रमांक, तारीख. ‘गोदाम’ असं नाव दिलेल्या चार फाईल एका पेन ड्राइव्हवर असणं म्हणजे एकही नसणं. अक्कल कितीही असली तरी दोन वर्षांनी आठवत नाही.

डब्याडब्यांत फरकही आहेत, थोडक्यात सांगतो. लॉज, वसतिगृहं आणि केबल-फायबरवाल्यांकडं मायक्रोटिक खूप दिसतो. त्यात दोन प्रकारचे बॅकअप निघतात. एक बंद पेटी, जिला तिथं ‘बॅकअप’च म्हणतात. ती त्याच डब्यासाठी आहे. दुसऱ्या डब्यावर ओतली तर जुन्याचा मॅक पत्तासुद्धा घेऊन येते, आणि दोन्ही डबे एकाच जाळ्यात चालू असतील तर गोंधळ. दुसरा प्रकार ‘एक्सपोर्ट’. ती साधी वाचता येणारी मजकूर-फाईल. हाच आपला नक्षीचा कागद, यंत्रानंच काढून दिलेला. मायक्रोटिक असेल तर दोन्ही घ्या. फक्त लक्षात ठेवा, सातव्या पिढीच्या प्रणालीत एक्सपोर्ट करताना पासवर्ड आपोआप गाळले जातात. ते हवे असतील तर तसं सांगावं लागतं.

हौशी मंडळी ओपनडब्ल्यूआरटी टाकतात. त्याची बॅकअप फाईल उघडून आतला मजकूर वाचता येतो, हे फार सोयीचं. पण वरून टाकलेली पॅकेजेस त्यात येत नाहीत, फक्त सेटिंग येतात. आणि २०२१च्या २१.०२ आवृत्तीत बऱ्याच डब्यांची तारांच्या पोर्टची मांडणीच बदलली, त्यामुळं आधीच्या फाईल तिथं जशाच्या तशा चालत नाहीत. तिथंही मग कागदच कामाला येतो.

लॅपटॉप कुणाचा?

मोठ्या जागी तीन-चार किंवा वीस डबे असतात आणि ते सगळे एका कंट्रोलरवरून चालतात. टीपी-लिंकचा ओमाडा, युबिक्विटीचा युनिफाय, ही ओळखीची नावं. इथं एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. डबा कंट्रोलरच्या ताब्यात गेला की त्याची खरी सेटिंग कंट्रोलरकडं राहते. डब्याचा बॅकअप असा वेगळा राहतच नाही. बॅकअप घ्यायचा तो कंट्रोलरचा.

आणि कंट्रोलर कुठं असतो? अनेक ठिकाणी मी विचारलंय, आणि उत्तर येतं, ‘ते काम करून गेलेल्या पोराच्या लॅपटॉपवर.’ पोरगं कामाला हिंजवडीला गेलं, लॅपटॉप त्याच्याबरोबर. डबे चालू राहतात, कारण रोजच्या वायफायसाठी कंट्रोलर सतत लागत नाही. म्हणून वर्षभर कुणाला कळतही नाही. कळतं ते पासवर्ड बदलायची वेळ आली की. मग एकेक डबा शिडी लावून उतरवा, कोरा करा, नव्या कंट्रोलरला जोडा.

कंट्रोलरच्या बॅकअपची फाईल हातात असेल तर हे सगळं टळतं. दुसऱ्या संगणकावर तोच कंट्रोलर टाकायचा, आवृत्ती तीच किंवा नवी, जुनी चालत नाही. फाईल भरायची. आणि त्या संगणकाला जुन्याचाच पत्ता द्यायचा, कारण डबे जुन्या पत्त्यावर हाक मारत असतात. पत्ता जुळला की डबे एकेक करून हजर होतात. तुमच्याकडं असं काही बसवून घेणार असाल, तर शेवटचं बिल देण्याआधी ही फाईल आणि कंट्रोलरचा पासवर्ड मागून घ्या. मी तर म्हणेन, बिलातच तशी ओळ लिहून घ्या.

फोनला फसवायचं

आता कागदावर काय लिहायचं? इथं जरा सावकाश जाऊ, कारण सगळी मेख इथं आहे.

तुमचा फोन वायफाय ओळखतो तो नावावरून, सुरक्षेच्या प्रकारावरून आणि पासवर्डवरून. डब्याची कंपनी कुठली, तो कितीला घेतला, याच्याशी त्याला घेणं नाही. डब्ल्यूपीए-टू प्रकारात जी आतली किल्ली तयार होते, तीच मुळी नाव आणि पासवर्ड एकत्र घुसळून. म्हणून पूर्णपणे वेगळ्या कंपनीचा डबा आणला आणि त्याला तेच नाव, तोच प्रकार, तोच पासवर्ड दिला, तर सगळे फोन, टीव्ही, कॅमेरे, हजेरी मशीन गुपचूप येऊन चिकटतात. कुणाला काही विचारावं लागत नाही. जुळे सोलापुरातल्या एखाद्या अभ्यासिकेचा विचार करा. ऐंशी पोरं बसतात, प्रत्येकाकडं फोन, कुणाकडं लॅपटॉप, आणि स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख. तिथं नाव बदललं तर ऐंशी वेळा पासवर्ड सांगत बसा.

पण ‘तेच’ म्हणजे अगदी तेच. लहान-मोठी अक्षरं, मधली मोकळी जागा, आडवी रेघ वरची की खालची. बोलून सांगितलेला पासवर्ड विश्वासाचा नाही, लिहिलेला घ्या. सुरक्षेचा प्रकारही लिहा. नवा डबा आपणहून डब्ल्यूपीए-थ्री लावून बसतो आणि जुना प्रिंटर तिथं उंबऱ्याबाहेर राहतो. तसंच नव्या डब्यात दोन्ही बँड एकाच नावाखाली असतात. जुनी हजेरी मशीन, स्मार्ट प्लग अशी यंत्रं फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. जुन्या डब्यात दोन बँडांना दोन नावं असतील तर दोन्ही नावं लिहून ठेवा.

एक गंमत जाता जाता. वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर एका बाइटात बसतं, देवनागरीचं प्रत्येक अक्षर-चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा आणि हलन्त सुद्धा मोजून. म्हणजे आपल्याला दहाच चिन्हं मिळतात. ‘सोलापूर’ सात चिन्हांत बसतं. ‘श्रीसिद्धेश्वर’ चौदा होतात, म्हणजे ४२ बाइट. ग्रामदैवत असूनही जागा नाही! आणि काही डब्यांची पानं देवनागरी घेतच नाहीत, तेव्हा देवनागरी नाव ठेवलं असेल तर नवा डबा घेताना आधी तपासा.

कागदावर पुढं हवं: डब्याचा पत्ता, मुख्य राउटरचा पत्ता, फायबरचा आयडी-पासवर्ड, कायम पत्ते दिलेल्या यंत्रांची यादी. आणि एक ओळ मोठ्या अक्षरात: पत्ते वाटायचं काम कोण करतं. तांत्रिक नाव डीएचसीपी.

ही ओळ मोठी का? पंगतीचं उदाहरण घ्या. एका पंगतीला एकच वाढपी हवा. मुख्य राउटर हा वाढपी, तो प्रत्येक फोनला पत्ता वाढतो आणि बाहेर जायचं दार दाखवतो. बाकीचे डबे नुसते ताटं धरून. आता त्यातला एक डबा रिसेट झाला. कोरा झालेला डबा स्वतःला मुख्य राउटर समजतो आणि तोही पत्ते वाढायला लागतो. त्याच्या हातात आहे रिकामं भांडं, कारण त्याला नेट आहे कुठं? ज्या फोनला त्यानं वाढलं तो उपाशी. गंमत म्हणजे गोदामातला डबा बिघडलेला आणि नेट जातं खाली काउंटरवरच्या निम्म्या फोनचं. लोक काउंटरचा डबा बदलतात! शिवाय कोऱ्या डब्याचा पत्ता आणि मुख्य राउटरचा पत्ता अनेकदा एकच निघतो, १९२.१६८.०.१ सारखा. म्हणजे एका दारावर दोन पाट्या.

म्हणून परत उभं करताना पहिलं काम: डब्याची तार जाळ्यातून काढा. लॅपटॉप तारेनं थेट डब्याला जोडा. वायफायवरून हे काम करू नका, मध्येच वायफाय बंद होतं. फर्मवेअर फाईलच्या वेळचंच आहे का बघा, नसेल तर आधी ते जुळवा. मग फाईल भरा. या चार-पाच मिनिटांत लाईट जाता कामा नये, तेव्हा डबा इन्व्हर्टरवर असू दे. डबा स्वतः बंद होऊन चालू होतो आणि त्याचा पत्ता बदलतो, जुना परत येतो. लॅपटॉपवरचं पान तसंच अडकून पडतं, घाबरू नका, नव्या पत्त्यावर जा. लॉगिनचा पासवर्डही फाईल घेतली त्या दिवशीचा असतो. आजचा टाकून ‘चालत नाही’ म्हणत पुन्हा टाचणी उचलणारे मी पाहिलेत. सगळं जागेवर आलंय, पत्ते वाटणं बंद आहे, हे बघूनच तार लावा.

एका टॉवेलच्या कारखान्यातली गोष्ट सांगतो, म्हणजे कागदाचं वजन कळेल. मे अखेरीला वळीव आला आणि शेडमधला अ‍ॅक्सेस पॉइंट गेला. दुसऱ्या दिवशी पगार. हजेरी मशीनच्या पोटात नोंदी होत्या, त्या कुठं जात नाहीत, पण हिशेबाच्या संगणकाला मशीन सापडेना. तिथल्या दिवाणजींनी फाईल जपून ठेवली होती, अगदी तारखेसह. पण ते मॉडेल बाजारातून कधीच गेलेलं. नवी पेठेत जो मिळाला तो डबा वेगळ्या कंपनीचा. फाईलचा उपयोग शून्य. वाचवलं ते वहीच्या मागच्या पानानं. त्यावर नाव, पासवर्ड, डब्याचा पत्ता, मशीनचा पत्ता, सगळं दिवाणजींच्या वळणदार अक्षरात. तास लागला नाही. मशीन आपणहून जोडलं गेलं, हजेरी निघाली, आणि शंभरावर माणसांचा पगार ठरल्या दिवशी झाला. दिवाणजींना डीएचसीपीचं पूर्ण रूप माहीत नाही. त्यांनी ‘पत्ते मोठा डबा वाटतो, हा वाटत नाही’ असं लिहिलं होतं. याहून स्पष्ट मी तरी लिहू शकत नाही.

आता दोन प्रश्न नेहमी येतात. पहिला, फाईल कुठं ठेवू? एक पेन ड्राइव्ह दुकानात, एक प्रत दुसऱ्या जागी. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टाफ ग्रुपवर मात्र नको. त्या फाईलमध्ये तुमचे सगळे पासवर्ड असतात. काही फाईल साध्या मजकुराच्या असतात, आणि ज्या कुलूपबंद दिसतात त्यातल्या जुन्या राउटरांच्या कित्येक उघडणारी साधनं नेटवर फुकट मिळतात. तोच नियम कागदाला. गल्ल्यात किंवा कपाटात, काउंटरच्या काचेखाली नव्हे.

दुसरा, किती दिवसांनी घेऊ? दिवसांचा हिशेब नको, बदलाचा ठेवा. काही बदलायच्या आधी एक, बदल नीट चालतोय असं दिसलं की एक. फर्मवेअर अपडेटच्या आधी तर नक्कीच. शेवटच्या तीन ठेवा. फार जुनी फाईल भरली तर कामावरून गेलेल्या माणसाला माहीत असलेला पासवर्डही जिवंत होऊन येतो, तेव्हा भरल्यावर तो लगेच बदला.

आणि चाटी गल्लीच्या श्रोत्यांसाठी खास: तुमच्याकडं एकाच मॉडेलचे, एकाच आवृत्तीचे तीन डबे आहेत, स्टिकरचे फोटो मी पाहिले. तसाच चौथा आत्ताच घेऊन ठेवा, मिळतोय तोवर. सुट्टीच्या दिवशी शटर ओढून त्या चौथ्यावर गोदामाची फाईल भरून बघा, गोदामाचा डबा बंद ठेवा आणि तुमचा फोन गुपचूप जोडला जातो का ते पाहा. जोडला गेला नाही तर कागदात काय कमी आहे ते त्याच दिवशी कळेल. कागद मात्र पेनानं लिहा. बिलाच्या प्रिंटरवर काढलेली चिठ्ठी डब्याला चिकटवून ठेवतात काही जण. तो उष्णतेनं उमटणारा कागद, आपल्या उन्हाळ्यात सगळाच काळा पडतो किंवा कोरा होतो.

पुढच्या भागात राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरवर कसा घ्यायचा, ते बोलू.